समुद्राचा ब्रिक्स

तात्या, भांडण अर्धवट टाकून उठायची तुमची पद्धत नव्हती. बांधाचा वाद असो, नाहीतर चहात साखर किती यावरून बायकोशी, म्हणजे माझ्या मोठ्या आईशी, झालेली कुरबूर असो, शेवटचा शब्द आपला ठेवल्याशिवाय तुम्ही जागचे हलायचा नाहीत. माझ्याशी मात्र नऊ दिवस अबोला धरलात, दहाव्या दिवशी सकाळी म्हशीपुढं वैरण टाकता टाकता खाली बसलात, आणि गेलात. मी तेव्हा बारामतीला कॉलेजच्या खिडकीवर दाखला घ्यायला उभी होते. ज्या दाखल्यावरून एवढं रामायण झालं, तोच. पप्पांचा फोन आला. "सायले, निघून ये. दादा गेलं," एवढंच बोलले. तुम्ही त्यांचे दादा.

काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे पांगले, मांडवाच्या खुर्च्या ट्रॅक्टरमधून परत गेल्या, मोठी आई पहिल्यांदाच दुपारी आडवी झाली. आता मी माझी बाजू मांडणार आहे. तुम्हाला मध्ये तोंड घालता येणार नाही, आणि मला तेच सगळ्यात जड जातं आहे. तुमच्याशी भांडायचं तर समोरून तितक्याच जोरात उत्तर यायला हवं. एकटीनं भांडण्यात काही राम नाही.

भांडण कशावरून, ते सगळ्या कळंबला तोंडपाठ आहे. मला समुद्री जीवशास्त्रज्ञ व्हायचं आहे. समुद्रातले जीव काय खातात, कुठं राहतात, पिल्लं कशी वाढवतात, पाणी बिघडलं की त्यांचं काय होतं, हे मला शिकायचं आहे आणि त्यातच आयुष्य घालवायचं आहे. चारी बाजूंना ऊस उभा असलेल्या गावात हे मोठ्यानं म्हणायला छाती लागते. मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा भावकीतले शहाजीराव म्हणाले होते, "म्हंजी मासं धरायला जाणार व्हय गं? मग उजनीचं धरण काय वाईट हाय? हितनं जवळ पडंल." आणि तुम्ही त्यांच्याबरोबर हसलात. घरी आल्यावर मी तोंड फुगवून बसले तर म्हणालात, "हसायजोगं हाय म्हणून हसलो. पण त्यो शहाज्या हसला, ते त्यानं बराबर न्हाय केलं." तुमचा न्याय असा. माझी टिंगल करायचा हक्क फक्त तुमचा.

तो हक्क तुम्ही पप्पांकडून परस्पर काढून घेतला होता. दोघा भावांत तुम्ही थोरले, पप्पा धाकटे, आणि दोन घरांत मिळून पोर मी एकटीच. तुम्ही भवानीनगरला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होतात, तोवर मला तुम्ही म्हणजे दिवाळीला येणारे, हाताला रसाचा वास असणारे तात्या. रिटायर होऊन कळंबला आलात तेव्हा मी सातवीत होते. पहिल्याच आठवड्यात माझी विज्ञानाची वही मागितलीत, चष्मा पुढं ओढून पानन् पान बघितलंत आणि म्हणालात, "अक्षर झ्याक हाय. पण पोरी, तू चुका खोडरबरानं पुसतीस. नगं पुसू. रेघ मारायची आन् शेजारी खरं लिवायचं. चुकलं कुठं, ते दिसाया पायजे." मला राग आला होता. इतकी स्वच्छ वही वर्गात कुणाचीच नव्हती.

आणि आता खरं सांगा, मला समुद्र दाखवला कुणी? तुम्हीच ना? रविवारी सकाळी मोटारसायकलवर मागं बसवून बारामतीच्या मासळी बाजारात कोण न्यायचं? कोकणातून बर्फात घालून आलेले बांगडे तुम्हाला उजनीच्या ताज्या माशापेक्षा आवडायचे, आणि त्यापायी मासेवालीची बोलणी खायचात. "दोन दिसांचं मढं नेताय आन् हितं जिता मासा उड्या मारतोय," असं ती म्हणायची आणि तुम्ही तिला सुनवायचात, "तुझा मासा गोड्या पाण्याचा. साखरंत जन्म गेला माझा, सुट्टीला तरी मिठातलं खाऊ दे." मोठी आई माळकरी. माशाचा वास उंबऱ्याच्या आत चालायचा नाही. म्हणून गोठ्यामागं तीन दगडांची आपली वेगळी चूल. शिजवणारे तुम्ही, साफ करणारी मी.

एकदा मोठी सुरमई आणली होती. पोट चिरलं तर आतून बोटभर लांबीचे तीन मासे निघाले. अख्खे. त्यांचे डोळेसुद्धा जागेवर होते. मी किंचाळले आणि फेकायला गेले, तर तुम्ही माझं मनगट धरलंत. "थांब. टाकू नगंस. पाठकोरी कागदं आण." पाठकोऱ्या कागदावर तुम्ही तारीख घातलीत, माशाचं नाव घातलंत, पुढं लिहिलंत, पोटात तीन. "आज तीन निघालं. फुडच्या रविवारी किती निघत्यात बघू. एका माशावरनं काय कळत न्हाय." मग दर रविवारी तेच. मासा आणायचा, चिरायचा, लिहायचं. बारावीपर्यंत त्या कागदांची चांगली जाड चळत झाली. मला डॉक्टर व्हायचं नाही आणि इंजिनियर तर नाहीच, हे त्या चुलीशेजारी बसून ठरलं. आणि तुम्हीच नंतर विचारलंत, हे खूळ पोरीच्या डोक्यात आलं कुठनं!

ब्रिक्सची गोष्ट तुम्ही गावभर सांगितलीत, तिखटमीठ लावून. आज माझ्या तोंडून ऐका.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीत कोकणातल्या एका किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी जीव मोजायला विद्यार्थी स्वयंसेवक हवेत, असं आमच्या प्राणिशास्त्राच्या फळ्यावर लागलं. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात पक्षी मोजायला मी जात होतेच, पण हा समुद्र होता. मी सगळ्यात आधी नाव दिलं. बरोबर काय आणायचं त्याची यादी मिळाली. जुने बूट, टोपी, वही, आणि असल्यास रिफ्रॅक्टोमीटर. बाकीची पोरं एकमेकांना विचारत होती, हे काय असतं. मी छाती पुढं काढून म्हटलं, आमच्या घरी आहे. आणि होताच की. निरोपाच्या दिवशी लॅबमधल्या लोकांनी शाल-नारळाबरोबर तुम्हाला दिलेला. आपण सगळे त्याला मीटरच म्हणतो. उसाला टोचा मारायचा, रसाचा थेंब काचेवर टाकायचा, नळीला डोळा लावून उजेडाकडं धरायचं. निळं आणि पांढरं जिथं मिळतं ती रेघ वाचायची. तो ब्रिक्स. ऊस किती पिकला ते त्यावरून कळतं. तोडणीच्या आधी अर्धा गाव तुमच्याकडं यायचा, "तात्या, जरा आमच्या फडाला मीटर लावून बघा की." आणि तुम्ही बांधावरचा ऊस कधीच घेतला नाहीत, कडेच्या उसावरून अख्ख्या फडाचं कळत नाही म्हणून. फडात आत शिरून, अंग कापून घेऊन, मधला ऊस घ्यायचात.

तो मीटर तुम्ही मला धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळून दिलात. "पाण्यात पाडलास तर परत येऊ नगंस," म्हणालात.

तिथं पहिल्या सकाळी पाणी मागं गेलं आणि खडकांत साचलेली डबकी उघडी पडली. एका डबक्यात फुलासारखा एक जीव होता. मी करंगळी लावली तर त्यानं ती धरली. हलकेच, चिकट, लहान मूल धरतं तशी. मला रडूच आलं, तात्या. इतका आनंद मला तोवर कशानंच झाला नव्हता. पायात ओले बूट, पाठीवर ऊन, आणि मनात एकच, की मला हेच करायचं आहे, मरेपर्यंत हेच. तुम्हाला फोनवर सांगितलं तर तुम्ही विचारलंत, "खायाला चालतंय का ते?"

आमच्या तुकडीकडं एक खाडी आली. जीव मोजायचे आणि पाण्याची क्षारता, म्हणजे पाण्यात मीठ किती, ते लिहायचं. मीटर माझाच. मी दिवसातून तीनदा थेंब टाकत होते, रेघ वाचत होते, लिहीत होते. चार. चार पूर्णांक दोन. तीन पूर्णांक आठ. चार दिवस. अक्षर सुवाच्य, खाडाखोड नाही. पंधरा दिवसांनी मोजणी घेणाऱ्या मॅडमचा फोन आला. "सायली, त्या खाडीत तुला मासे दिसले की बेडूक?" मला कळेना. त्या म्हणाल्या, समुद्राच्या हजार भाग पाण्यात पस्तीसच्या आसपास मीठ असतं, आणि तू लिहिलंयस चार. असं पाणी तर नदीचं असतं.

मी साखरेच्या मीटरनं समुद्र मोजून आले होते! क्षारतेचा मीटर दिसतो तसाच, पण त्याच्यावरच्या रेघा मिठाच्या असतात. आपल्या घरात जन्मलेल्या पोरीला रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे उसाचाच, दुसरा असू शकतो हे डोक्यातच आलं नाही. अख्ख्या कोकणात समुद्राची गोडी मोजणारी मी पहिलीच असणार. मॅडम रागावल्या नाहीत, तेच वाईट होतं. शांतपणे म्हणाल्या की त्या खाडीचे आकडे वगळावे लागतील. दहा जणांची चार दिवसांची मेहनत माझ्यामुळे वाया. पुढच्या वर्षी मला कोण बोलावणार होतं?

तुम्ही ओट्यावर शेंगा फोडत होतात. मी रडत रडत सांगितलं आणि तुम्ही ठसका लागेपर्यंत हसलात. "समुद्राचा ब्रिक्स चार! आगं, मग तोडणी कवा लावायची?" मी शेंगांचं सूप भिरकावून दिलं. मग तुम्ही डोळे पुसले आणि एकदम लॅबमधला आवाज काढलात.

"रेघ आली व्हती का न्हाय?"

"आली होती."

"साफ? का पुसट?"

"साफ. रोज साफ."

"मग रडतीस कशाला? मीटर खोटं बोलल्यालं न्हाय. तू त्येला मिठाचं इचारलंस, त्येनं साखरंच्या भाषंत सांगितलं. आता आपुण त्येचं मिठात करून घिऊ. ऊठ."

ते दोन दिवस, तात्या. मी म्हातारी झाले तरी कुणी मला विचारलं की तू शास्त्रज्ञ कधी झालीस, तर मी त्या दोन दिवसांचं नाव घेईन. तुम्ही खडेमीठ कुटलंत आणि मोठ्या आईच्या तव्यावर भाजायला घेतलंत, कारण दमट मिठाचं वजन खोटं भरतं. ती आतून ओरडली, "माझ्या तव्यावर काय मासं भाजताय का?" तुम्ही म्हणालात, "मीठ हाय गं, मीठ. मीठ चालतंय न्हवं तुझ्या माळंला?" गावातल्या सोनाराकडनं काटा आणलात. साधं पाणी नको म्हणून ट्रॅक्टरच्या गॅरेजमधून बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचा कॅन आणलात. घरातले सगळे पेले ओट्यावर ओळीनं मांडलेत. एकात हजार भागांत दहा भाग मीठ, एकात पंधरा, एकात वीस, असं चढत चढत चाळीसपर्यंत. प्रत्येकाचा थेंब काचेवर, आधी मी वाचायचं, मग तुम्ही, एकमेकांना न सांगता लिहायचं, आणि मग कागद शेजारी ठेवायचे. जिथं जुळलं नाही तिथं पुन्हा. पप्पा शेतातून आले, त्यांना प्यायला पेला मिळेना, ते नळाला तोंड लावून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तक्ता पुरा झाला. एका बाजूला ब्रिक्स, समोर मीठ. मग मी किनाऱ्यावरून तुमच्यासाठी आणलेली समुद्राच्या पाण्याची बाटली काढली. तुम्ही आधी एक थेंब जिभेवर घेतलात, जन्माची सवय. मग काचेवर. रेघ चारच्या जरा वर. तक्त्यात बघितलं. "पस्तीस," तुम्ही म्हणालात. "पुस्तकात किती दिलंय?" मी म्हटलं, पस्तीस. तुम्ही बाटलीकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत, आणि म्हणालात, "च्यायला!" इतका खुश झालेला माणूस मी नंतर पाहिला नाही.

तक्त्याचा फोटो आणि झालेली चूक जशीच्या तशी मी मॅडमना कळवली. त्यांनी उलट फोन केला तो तुमच्याशी बोलायला. तुम्ही शर्टाची वरची गुंडी लावून उभे राहिलात, जणू त्या समोर आल्यात. "न्हाय न्हाय मॅडम, चूक पोरीची न्हाय. मीटर माझं हाय. म्या तिला सांगाया पायजे व्हतं." खाडीचे आकडे राहिले. खाली टीप आली की ते कसे काढले. पुढच्या वर्षी सगळ्या स्वयंसेवकांना क्षारता मोजायला शिकवायचं काम मॅडमनी माझ्याकडं दिलं. तेव्हापासून आजतागायत मला एका क्षणाचीही शंका आलेली नाही. मला हे जमतं. लोकांना वाटतं ही माझी घमेंड आहे. घमेंड नाही ती, दोन दिवस पेले धुतलेत मी.

म्हणून तर तुमचा इतका राग आला, तात्या. समुद्रकाठच्या विद्यापीठात एम.एस्सी.ला माझी निवड झाल्याचं पत्र आलं, पप्पांनी पेढे आणले, आणि तुम्ही पेढा हातात तसाच धरून सांगितलंत की एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या लॅबमध्ये माझं काम ठरवलंय.

"दुधाची लॅब हाय. पंख्याखाली काम. सकाळी गाडीवर जायचं, सांच्याला घरी. माझा जुना जोडीदार तितं मोठा साहेब हाय. म्या शबुद दिलाय त्येला."

"मला न विचारता?"

"तुला इचारलं असतं तर तू नगं म्हणली असतीस."

मी म्हटलं, तुम्हीच मला ह्यात घातलंत. तुम्ही म्हणालात, "छंद येगळा आन् पोट येगळं. समुद्रावर तितली पोरं न्हाईत व्हय? आन् आपलं पाणी? नीरा हाय, उजनी हाय. हितल्या माशांचं कोण बघणार? सगळी शिकल्याली जर उठून समुद्राला गेली, तर हितं आमी काय, नुसता ऊस मोजायचा?"

ह्यातला शेवटचा प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर माझ्याकडं तेव्हा नव्हतं, आजही नाही. आणि उत्तर नसलं की माणूस लागेल असं बोलतो. मी म्हणाले, "मोजाच तुमी ऊस. बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या उसाची गोडी मोजत बसलात. मला तसं जगायचं न्हाय."

तुम्ही "बरं" म्हणालात. पेढा परत खोक्यात ठेवलात, झाकण लावलंत, आणि आत गेलात.

नऊ दिवस मग तुम्ही माझ्याशी शब्द बोलला नाहीत. रोज सकाळी मला दिसेल असं माझ्या गाडीचं चाक दाबून बघायचात, हवा आहे का, आणि पाठ फिरवायचात. मी मनाशी म्हणत होते, दाखला हातात आला की बोलू. मग नमतं घ्यायची वेळ तुमच्यावर येईल. असा माझा हिशोब. बत्तीस वर्षं तुम्ही फडात आत शिरून मधला ऊस घेतलात म्हणून लोकांची तोडणी वेळेवर झाली, हे मला माहीत होतं. मी बोलले ते वाक्य खोटं होतं आणि ते बोलताना मला ते खोटं आहे हे कळत होतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तेवढ्यासाठी मी नऊ दिवस थांबले, गाढवासारखी.

तुमच्या दहाव्याला नीरेच्या काठावर काय झालं, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मी सांगते.

पिंड ठेवला. सगळे मागं सरून उभे राहिलो. बाभळीवर तीन कावळे होते. एकही खाली येईना. आमच्या आधी दोन घरांचे दहावे उरकले होते, कावळ्यांची पोटं भरलेली असणार, हे मला दिसत होतं. पण दहाव्याला असलं कोण बोलतं. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा अडकली, मग घरच्यांनी एकेक शब्द द्यायचा. पप्पा पुढं झाले. "दादा, वैनीला काय कमी पडू देणार न्हाय." कावळे गप्प. शहाजीराव म्हणाले, "तात्या, म्हशी इकू देणार न्हाय." त्यातला एक कावळा उडून पलीकडच्या झाडावर गेला. ऊन वर आलं. मग शहाजीराव माझ्याकडं वळले.

"सायले, तुझ्यापायीच जीव अडकलाय त्येंचा. सगळ्या गावाला म्हाईत हाय. म्हण, डेरीत जाते म्हणून. एक वाक्य हाय. मोकळा कर त्येला."

सगळी भावकी माझ्याकडं बघत होती. पप्पांनी मान खाली घातली. त्यांनी मला एकदाही जाऊ नको म्हटलं नव्हतं, पण तेव्हा मला कळलं की ह्या घडीला त्यांनाही मी ते म्हणावं असं वाटतंय. खरं सांगते तात्या, मलाही वाटलं म्हणून टाकावं. नदीकाठी दिलेला शब्द, त्याच्यापुढं विद्यापीठाचं पत्र म्हणजे काय? पण तो शब्द मी एकदा दिला असता तर पाळलाही असता. मला मी माहीत आहे.

मी पुढं झाले आणि हात जोडले. "तात्या, त्या दिवशी मी तुमाला जे बोलले ते खोटं होतं. लई वाईट बोलले. तुमच्यासारखं मोजायला मला आलं, म्हणून तर मी कुणीतरी हाय. मला माफ करा." इथपर्यंत सगळे माना हलवत होते. मग म्हणाले, "पण डेरीत मी जाणार न्हाय. मी समुद्राकडं जाणार."

गलका झाला. कुणी म्हणालं, शिकून माज चढला. कुणी म्हणालं, मेलेल्या माणसापुढं तरी. आणि मागून मोठी आई बोलली. "जित्तेपणी त्येंचं कधी आयकलं न्हाय तिनं. आता मेल्यावर खोटं कशाला बोलाया लावताय पोरीला?"

कुणाला तरी हसू फुटलं. मग पप्पा हसले, आणि हसता हसता तिथंच खाली बसून मोठ्यानं रडले. तुम्ही गेल्यापासून ते रडले नव्हते. गुरुजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला, आणि पुढचा विधी सुरू झाला. खरा कावळा काही आला नाही.

गावात त्यावर अजून चर्चा आहे. मी त्यात पडत नाही. मला विचाराल तर गावाचंच बरोबर आहे. तुमचं समाधान झालेलं नाही. तुम्ही असतात तर अजून महिनाभर बोलला नसतात, आणि गाडी सुटायच्या वेळी येऊन काहीतरी खवचट बोलला असतात. मोठी आई मीटर घेऊन जा म्हणाली. मी घेतला नाही. यंदाही तोडणीच्या आधी लोक विचारायला येतील. पप्पांना रेघ वाचायला शिकवली आहे, पहिल्यांदा उलटा धरला त्यांनी.

तिसऱ्या दिवशी तुमची रक्षा नीरेत सोडली तेव्हा कुणीतरी म्हणालं, झालं, तात्या समुद्राला निघाले. नीरा नरसिंगपूरला भीमेला मिळते, भीमा पुढं कृष्णेला, आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला. मी जाणार पश्चिमेला. म्हणजे तिथंही आपलं एकमत नाहीच. पण तुम्ही काही समुद्रापर्यंत पोचत नाही, तात्या. वाटेत इतके बंधारे आहेत. कुठल्यातरी बंधाऱ्याच्या गाळात बसाल, उन्हाळ्यात कुणीतरी तो गाळ ट्रॉलीनं ओढून रानात टाकेल, आणि त्यावर ऊस उभा राहील. बसा मग त्यात, मोजत. आणि माझा राग धरायचा तर खुशाल धरा. तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की मी स्वतः येऊन देईन, आणि नाही मिळालं तर नाही मिळालं असं सांगायलाही येईन. सोमवारी सकाळच्या एस.टी.नं निघायचं आहे, बॅग भरून झाली आहे, मोठ्या आईच्या पाया पडून झालं आहे, तुम्हीच तेवढे राहिला होता.

येते, तात्या.